'ड्युअल बूट' म्हणजे काय? जुने गेम्स खेळण्यासाठी एकाच कॉम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम कशा टाकतात?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून सीडींचं पाऊच खाली येतं. आत 'रोड रॅश', 'एज ऑफ एम्पायर्स २', 'जीटीए व्हाइस सिटी'. हातातला झाडू बाजूला ठेवून तुम्ही सीडी कॉम्प्युटरमध्ये घालता, सेटअपवर डबल क्लिक करता आणि स्क्रीनवर मेसेज येतो: 'धिस ॲप कान्ट रन ऑन युवर पीसी'.

सीडीवर एक ओरखडा नाही. तुमचा आताचा कॉम्प्युटर तर तेव्हाच्या पीसीपेक्षा कितीतरी पट ताकदवान आहे. मग अडतंय कुठे? आणि 'जुनी विंडोज टाक ना बाजूला' हा मित्राचा सल्ला ऐकावा का? समजून घेऊया.

जुना गेम नव्या कॉम्प्युटरवर का चालत नाही?

कोणताही गेम एकटा चालत नाही. चित्र दाखवणं, आवाज वाजवणं, फाइल वाचणं यासाठी तो सतत ऑपरेटिंग सिस्टीमकडे काही ना काही मागत असतो. १९९८ मध्ये बनलेला गेम १९९८ च्या पद्धतीने मागतो. समोरची विंडोज मात्र आता ती पद्धत विसरली आहे किंवा तिने ती मुद्दाम बंद केली आहे. याची मुख्य कारणं तीन.

पहिलं कारण, १६ बिट. डॉस आणि विंडोज ३.१ च्या काळातले प्रोग्रॅम १६ बिटचे होते. ६४ बिटची विंडोज ते चालवतच नाही आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येते. गंमत म्हणजे नव्वदच्या दशकातले अनेक गेम्स स्वतः ३२ बिटचे आहेत, पण त्यांचा सेटअप १६ बिटचा आहे. म्हणजे माणूस आत यायला तयार आहे, पण दारच उघडत नाही.

दुसरं कारण, सीडीचं कुलूप. कॉपी होऊ नये म्हणून त्या काळातल्या कितीतरी सीडींवर 'सेफडिस्क' किंवा 'सेक्युरॉम' नावाचं संरक्षण असायचं. सेफडिस्कचा ड्रायव्हर थेट विंडोजच्या गाभ्यात बसायचा. हे सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचं असल्याने २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याला जागाच दिली नाही. त्यामुळे दुकानातून पैसे मोजून घेतलेली अस्सल सीडीही आज चालत नाही!

तिसरं कारण, चित्र आणि वेग. 'एज ऑफ एम्पायर्स २' ची मूळ आवृत्ती विंडोज ७ वर लावणाऱ्यांना आठवत असेल, गवत लालसर आणि पाणी जांभळं दिसायचं. गेम २५६ रंगांच्या जुन्या पद्धतीने चित्र काढायचा आणि नव्या विंडोजचा त्यात गोंधळ व्हायचा. डॉसच्या जमान्यातल्या काही गेम्सचा वेग तर थेट प्रोसेसरच्या वेगावर अवलंबून होता. वेगवान कॉम्प्युटरवर ते इतके पळायचे की खेळणं अशक्य व्हायचं. म्हणून तर तेव्हाच्या पीसीवर 'टर्बो' नावाचं बटण असायचं. नाव टर्बो, पण त्याचा खरा उपयोग कॉम्प्युटर हळू करण्यासाठी व्हायचा!

मग ड्युअल बूट म्हणजे काय?

एका वाड्यात दोन बिऱ्हाडं राहतात, तसा हा प्रकार आहे. हार्ड डिस्कचे दोन भाग करायचे. त्यांना पार्टिशन म्हणतात. एका भागात जुनी ऑपरेटिंग सिस्टीम, दुसऱ्या भागात नवी. कॉम्प्युटर सुरू केला की 'बूटलोडर' नावाचा छोटा प्रोग्रॅम विचारतो, 'आज कोणाकडे जायचंय?' तुम्ही निवडाल ती सिस्टीम सुरू होते, दुसरी झोपलेली राहते. बदलायची असेल तर रीस्टार्ट करावं लागतं.

'व्हर्च्युअल मशीन' हा वेगळा प्रकार आहे. त्यात चालू विंडोजच्या आतच एका खिडकीत दुसरी विंडोज चालते. पण तिला मिळणारं ग्राफिक्स कार्ड खोटं, म्हणजे सॉफ्टवेअरने उभं केलेलं असतं. त्यामुळे थ्रीडी गेम्स तिथे अनेकदा अडखळतात. ड्युअल बूटमध्ये जुन्या विंडोजला खरं ग्राफिक्स कार्ड आणि खरा सीडी ड्राइव्ह मिळतो. गेमला त्याचं जुनं घर जसंच्या तसं परत मिळतं.

थांबा, आधी हे सोपे मार्ग बघा

ड्युअल बूट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही.

गेमच्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'कम्पॅटिबिलिटी' हा टॅब उघडा आणि तिथे विंडोज एक्सपी किंवा ९८ निवडून बघा. काही गेम्स एवढ्यावरच चालतात.

'डेंजरस डेव्ह' किंवा जुना 'प्रिन्स ऑफ पर्शिया' यांसारखे डॉसचे गेम्स खेळायचे असतील, तर 'डॉसबॉक्स' हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यात गेमचा वेगही कमी-जास्त करता येतो.

काही जुने गेम्स दुरुस्त होऊन पुन्हा विक्रीला आले आहेत. २००८ मध्ये पोलंडमध्ये सुरू झालेलं 'जीओजी' हे ऑनलाइन दुकान यासाठीच ओळखलं जातं. 'एज ऑफ एम्पायर्स २' ची नवी आवृत्तीही २०१९ मध्ये आली.

हे सगळं करूनही तुमचा गेम चालत नसेल, तरच पुढे वाचा.

कोणता कॉम्प्युटर वापरायचा?

इथेच बहुतेक जण चुकतात. रोजच्या कामाच्या नव्या लॅपटॉपवर एक्सपी टाकायला जाऊ नका. एक्सपी जुन्या 'बायोस' पद्धतीने सुरू होते. नवे कॉम्प्युटर 'यूईएफआय' पद्धतीचे असतात आणि अनेकांमध्ये जुन्या पद्धतीची सोयच उरलेली नाही. शिवाय नव्या ग्राफिक्स कार्डांसाठी एक्सपीचे ड्रायव्हर बनत नाहीत. ३२ बिटची एक्सपी ४ जीबीपेक्षा जास्त रॅमही वापरू शकत नाही, त्यामुळे तुमची १६ जीबी रॅम तिच्या काही कामाची नाही.

उलट कोपऱ्यात धूळ खात पडलेला 'कोअर टू ड्युओ'च्या काळातला डेस्कटॉप या कामासाठी उत्तम. भंगारवाल्याला देण्याआधी एकदा सुरू करून बघा!

अशा पीसीसाठी एक चांगली जोडी म्हणजे गेम्ससाठी विंडोज एक्सपी आणि इंटरनेटसाठी 'लिनक्स मिंट'सारखी मोफत सिस्टीम.

दोन सिस्टीम कशा टाकतात?

१. सगळ्यात आधी बॅकअप. त्या पीसीवरचे जुने फोटो, आईबाबांची कागदपत्रं, सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून तपासा. पार्टिशन करताना एक चुकीचं क्लिक झालं, तर पूर्ण डिस्क पुसली जाऊ शकते. गेम पुन्हा मिळेल, आजोबांचा फोटो मिळणार नाही.

२. ड्रायव्हर आधी जमवा. मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डच्या कंपनीच्या वेबसाइटवरून एक्सपीचे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा.

३. आधी जुनी सिस्टीम, मग नवी. हा क्रम पक्का लक्षात ठेवा. जुनी सिस्टीम नंतर टाकली, तर ती सुरुवातीचा बूटलोडर पुसून स्वतःचा लिहिते. तिला नव्या सिस्टीमची ओळखच नसते, त्यामुळे नवी सिस्टीम डिस्कवर असूनही सुरू होत नाही. क्रम बरोबर असेल, तर नवी सिस्टीम जुनीला ओळखून मेनूमध्ये तिचं नाव टाकते.

४. निळी स्क्रीन आली तर घाबरू नका. एक्सपीच्या सेटअपमध्ये शेवटी '७बी' असलेला एरर आला, तर बहुतेकदा तिला हार्ड डिस्कचा ड्रायव्हर मिळालेला नसतो. बायोसमध्ये जाऊन साटाचा मोड 'एएचसीआय'वरून 'आयडीई' केला की अनेकदा काम होतं.

५. मग लिनक्स. इन्स्टॉल करताना 'विंडोजच्या शेजारी' हा पर्याय निवडा. 'पूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय त्याच पानावर असतो, म्हणून दोनदा वाचून क्लिक करा.

घड्याळ साडेपाच तास मागे का जातं?

ड्युअल बूट केलेल्यांना हा धक्का हमखास बसतो. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक प्रमाणवेळ ठेवते, तर विंडोज तीच वेळ स्थानिक समजते. भारताची वेळ साडेपाच तास पुढे असल्याने लिनक्सवरून विंडोजमध्ये आलात की घड्याळ तेवढंच मागे दिसतं. पीसी बिघडलेला नाही. लिनक्सला 'स्थानिक वेळ ठेव' अशी एक सेटिंग सांगितली की झालं.

सगळ्यात मोठा धोका कोणता?

विंडोज एक्सपीचे सुरक्षा अपडेट्स ८ एप्रिल २०१४ ला बंद झाले. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा मायक्रोसॉफ्टला अपवाद म्हणून एक्सपीसाठीही पॅच काढावा लागला होता. रोज असा अपवाद होणार नाही.

म्हणून नियम एकच: एक्सपीमध्ये इंटरनेट नाही. नेटवर्कचा ड्रायव्हर टाकूच नका आणि केबलही काढून ठेवा. तिथे बँकेचं काम नको, ईमेल नको. अनोळखी वेबसाइटवरची 'फ्री एक्सपी' तर अजिबात नको, कारण आत काय भरलंय हे कळायला मार्ग नसतो. स्वतःची मूळ सीडी आणि की असेल, तर तीच वापरा.

आणि कोणी नव्या लॅपटॉपवर लिनक्ससोबत ड्युअल बूट करणार असेल, तर 'बिटलॉकर'ची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. बूटच्या सेटिंग बदलल्या की विंडोज ती मागू शकते. ती सापडली नाही, तर तुमचाच डेटा तुमच्यासाठी बंद होतो. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप'ही बंद करा. ते चालू असेल, तर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि तशात लिनक्सने तिच्या ड्राइव्हवर काही लिहिलं, तर फाइल्स खराब होऊ शकतात.

एवढा खटाटोप कशासाठी?

'व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन' या संस्थेने २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या क्लासिक गेम्सपैकी ८७ टक्के गेम्स आज विकत मिळतच नाहीत. जुना चित्रपट टीव्हीवर कधीतरी लागतो, जुनं पुस्तक वाचनालयात सापडतं. गेमचं तसं नाही. तो चालवणारी सिस्टीम गेली की चांगली सीडीसुद्धा नुसती चकती उरते.

म्हणून माळ्यावरचं ते पाऊच आणि कोपऱ्यातला तो पीसी एकत्र ठेवा. बॅकअप घ्या, केबल काढा आणि मग लावा 'रोड रॅश'. दादालाही बोलवा. बघू, साखळी अजून त्याच्याच हाती लागते का!