हाक ऐकू येईल इतकंच

आमच्या कपाटाच्या तिसऱ्या खणात गेल्या वर्षापर्यंत पाच हेडफोन होते. कान दोनच, तेही साठी उलटलेले. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला नको त्या वस्तूंचा साठा खुपत असेल, असा लोकांचा समज असतो. तो खोटा आहे. आम्ही फक्त दुसऱ्यांचा साठा तपासतो.

पाचांतला प्रत्येक काही ना काही निमित्ताने आलेला. पहिला १९८६ सालचा. दुबईहून आलेल्या मित्राने वॉकमन दिला, त्याच्याबरोबरचा. पत्र्याची बारीक पट्टी आणि दोन टोकांना स्पंजच्या टिकल्या. स्पंजचा केव्हाच भुगा झाला, पण टाकवला नाही. दुसरा पहिल्या कादंबरीच्या मानधनातून घेतलेला, कान पूर्ण झाकणारा. तिसरा सहकाऱ्यांनी २०१९ साली निवृत्तीला दिलेला, बाहेरचा आवाज पुसून टाकणारा. चौथ्या म्हणजे मुलाने दिलेल्या बिनवायरच्या दोन बिया. त्यांतली एक सतत सोफ्याखाली असते. पाचवा मुलीने आणलेला, सेन्हायझरचा एचडी ५६०एस. याच्या वाट्यांची पाठ जाळीची, उघडी. आतलं बाहेर ऐकू येतं आणि बाहेरचं आत.

माझा लाडका अर्थातच तिसरा. त्याची करामत बँकवाल्याला लगेच पटेल अशी आहे. आत बसवलेला मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि यंत्र त्याच्या बरोबर उलटी लाट तयार करतं. जमा आणि नावे सारखे, शिल्लक शून्य! पंखा, मिक्सर, खालच्या रस्त्यावरची वाहनं, सगळं दूर जातं. उरतो तो तानपुरा.

गेल्या श्रावणात एका दुपारी मी असाच मालकंस ऐकत बसलो होतो. सौ. माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढली, आणि स्टूल सरकलं. मधे फक्त एक भिंत. विलंबित संपून द्रुत सुरू झालं, तेही संपलं. मग मी चहासाठी उठलो, तेव्हा ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती. मनगट सुजलेलं. कमरेत अशी कळ की उठता येत नव्हतं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "हाका मारल्या मी. पुष्कळ मारल्या."

मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत मी भाकरी थापायला शिकलो, पण हेडफोन काही कानाला लावला नाही. दोष यंत्राचा नव्हता. त्याने आपलं काम चोख केलं होतं.

त्या दिवसांत सोनीच्या अकिओ मोरिता यांची एक गोष्ट आठवत राहिली. १९७९ साली पहिला वॉकमन आला, त्याला हेडफोनसाठी दोन खाचा होत्या. मोरितांनी नमुन्याचं यंत्र घरी नेलं आणि ते एकटेच ऐकत बसले, तेव्हा त्यांच्या पत्नीला आपल्याला बाहेर ठेवल्यासारखं वाटलं. म्हणून दुसरी खाच. शिवाय एक नारिंगी बटणही होतं. ते दाबलं की गाणं हळू होऊन शेजारच्याचं बोलणं कानात येई. लोकांनी वॉकमन डोक्यावर घेतला, पण तो एकट्यानेच ऐकला. पुढच्या मॉडेलांतून ही सोय हळूहळू निघून गेली.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात मी ठरवलं, रोजच्यासाठी एकच ठेवायचा. मुलगी म्हणाली, "बाबा, इंटरनेटवर तुलना वाचा." मी वेगळी परीक्षा घेतली. प्रत्येक हेडफोन घालून नेहमीच्या आवाजात तोच मालकंस लावायचा आणि सौ.ने स्वयंपाकघरातून तिच्या नेहमीच्या आवाजात "अहो" म्हणायचं. वहीत रकाने आखले. सवय जात नाही.

कान झाकणाऱ्या दोघांत शून्य. बियांत एकदा भास झाल्यासारखा. वॉकमनच्या त्या म्हाताऱ्यात हाक आली, पण तानपुरा आला नाही. उघड्या पाठीच्या पाचव्यात दोन्ही आले.

त्याच्यात खोटी आहेत. वायर तीन मीटर, पायात येते. फोनला लावायला मधे एक तुकडा जोडावा लागतो. गर्दीत तो निरुपयोगी, कारण रस्ता आत येतो आणि आपण आवाज वाढवत बसतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा, की प्रौढ माणसाने ८० डेसिबलला आठवड्यात ४० तास ऐकावं. आवाज तीन डेसिबल वाढला की मुदत निम्मी. म्हणून बसमध्ये आता मी काहीच ऐकत नाही. खिडकीबाहेर बघतो.

उरलेल्यांतले दोन मुलांना परत गेले आणि कादंबरीचा भाच्याला. वॉकमनवाला मात्र खणात राहिला. तो ऐकण्यासाठी नव्हे, असं मी सौ.ला सांगितलं. तिने मान हलवली. पस्तीस वर्षं बँकवाल्याशी संसार केलेल्या बाईला हिशेबातली पळवाट कळते.

परवा संध्याकाळी मी पुन्हा तेच ऐकत होतो. आतून हाक आली, "अहो, आजही मालकंसच का? इथपर्यंत ऐकू येतोय." उघड्या पाठीचा हा मोठा दोष, दुसऱ्यांना त्रास होतो, असं जाणकार सांगतात.

मी विचारलं, "बंद करू?"

"नको," ती म्हणाली. "जरा मोठा करा."