'सुधारणेस वाव आहे', पण नेमका कुठे?

प्रगतिपुस्तकात आपण शिक्षक सर्रास लिहितो, 'सुधारणेस वाव आहे.' पालक वाचतात, सही करतात, विषय संपतो. हा वाव नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं, याचं एक चांगलं उदाहरण आपल्या वर्गापासून खूप लांब, अमेरिकन फुटबॉलमध्ये सापडतं.

आपल्याकडे पायाने खेळतात तो फुटबॉल हा नव्हे. यात लांबट चेंडू हातात धरून पळायचं किंवा पुढे फेकायचा. संघाच्या चढाईची सूत्रं असतात क्वार्टरबॅककडे. चेंडू हातात आला, की समोरून धिप्पाड खेळाडू अंगावर धावून येतात. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत त्याने ठरवायचं, कोणाकडे फेकू, की स्वतःच पळू?

जोश ॲलन हा कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ गावचा, शेतकरी कुटुंबातला मुलगा. शाळा संपली तेव्हा एकाही मोठ्या विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. आधी रीडली कॉलेज, मग वायोमिंग विद्यापीठ असं करत तो पुढे आला आणि २०१८ मध्ये बफेलो बिल्स या व्यावसायिक संघाने त्याला सातव्या क्रमांकावर निवडलं. हातात ताकद अफाट, पण नेम बेभरवशाचा. पहिल्या वर्षी त्याचे फक्त ५२.८ टक्के पास सहकाऱ्यांच्या हातात पडले. दहा टचडाऊन पास, आणि प्रतिस्पर्ध्यांनी मधेच पकडलेले बारा. नेमबाजी जन्मजात असते, शिकवून येत नाही, असं म्हणणारे जाणकार तेव्हा पुष्कळ होते. आपल्याकडे 'याला गणित जमणारच नाही' म्हणतात ना, तसंच!

आता विचार करा, शंभरातले सत्तेचाळीस पास हुकले म्हणजे काय झालं? ही टक्केवारी ते सांगत नाही. कधी फेक वाकडी जाते. कधी फेक चांगली असते, पण समोरच्याच्या हातून चेंडू सुटतो. कधी चुकीच्या माणसाकडे फेकला जातो. आणि कधी अंगावर चौघे आल्यावर क्वार्टरबॅक मुद्दाम चेंडू मैदानाबाहेर भिरकावतो. तोही पास वाया गेला म्हणूनच मोजतात, पण ते शहाणपण असतं. म्हणून प्रशिक्षक एकेका पासचं चित्रण पुन्हा पुन्हा पाहतात. पाय कुठे होते, नजर कुठे होती, मोकळा सहकारी कोण होता? वजाबाकीत हातचा विसरणारा, शाब्दिक उदाहरण वाचताना अडखळणारा आणि वेळ न पुरलेला, या तिघांना दहापैकी चारच गुण पडतात, हे तुम्ही उत्तरपत्रिका तपासताना पाहिलंच असेल.

ॲलनच्या बाबतीत दुखणं एक नव्हतं. फेकताना तो सगळी भिस्त हातावर ठेवायचा, पाय आणि कंबर साथ देत नसत. त्यावर त्याने सुट्टीच्या महिन्यांत जॉर्डन पामर या प्रशिक्षकाबरोबर मेहनत घेतली. दुसरं दुखणं निर्णयाचं. दुसऱ्या वर्षी टक्केवारी ५८.८ वर गेली होती, तरी जानेवारी २०२० मध्ये ह्यूस्टनविरुद्धच्या बाद फेरीत १६-० अशी आघाडी असताना बफेलो २२-१९ ने हरलं. त्या सामन्याच्या शेवटी तर, प्रतिस्पर्धी त्याला खाली खेचत असताना ॲलनने चेंडू बाजूच्या सहकाऱ्याकडे उडवून दिला. नेम सुधारून हा उतावळेपणा जात नाही. त्याला वेगळं औषध लागतं.

तिसरी गोष्ट आपण मूल्यमापनात हमखास विसरतो, ती म्हणजे भोवतालची माणसं. २०२० मध्ये संघाने स्टेफॉन डिग्ज हा पटाईत झेल घेणारा आणला. चढाईचे प्रशिक्षक ब्रायन डेबॉल तर २०१८ पासून तेच होते. त्या वर्षी टक्केवारी झाली ६९.२, आणि टचडाऊन पास ३७. यातलं श्रेय ॲलनचं किती, डिग्जचं किती, याची वाटणी कोणी करू शकणार नाही. आणि माझ्या मते करूही नये. बाक बदलला, बाई बदलल्या आणि मूल फुललं, तर ती प्रगती मुलाचीच धरायची.

पालकांना एक विनंती. हा आलेख सरळ वर गेला असं समजू नका. २०२३ मध्ये ॲलनचे १८ पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले, उतावळेपणा परतला अशी ओरड झाली. पण धोका पत्करण्याची ती वृत्ती पुरती मारली असती, तर अशक्य वाटणाऱ्या जागी जाणारे त्याचे पासही गेले असते. पुढच्याच हंगामात तो आकडा ६ वर आला आणि ॲलन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या हंगामात त्याच्या पासची टक्केवारी होती ६३.६, म्हणजे २०२० पेक्षा साडेपाच टक्क्यांनी कमी. तेवढा एकच रकाना पाहणाऱ्याने शेरा लिहिला असता, 'प्रगती खालावली.'