राखेच्या तळ्याशेजारचे गाव

मंडळी, राख म्हटली की आपल्याला चूल आठवते. राखेने भांडी घासावीत, कडधान्याला कीड लागू नये म्हणून चोळावी, उरलेली उकिरड्यावर टाकावी, हे आपण घरातच शिकलो. राखेची भीती अशी कोणाला वाटत नाही. विदर्भातला माझा एक विद्यार्थी मला एकदा म्हणाला, "सर, आमच्या गावाला लागून वीज केंद्राच्या राखेचं तळं आहे. उन्हाळ्यात वारा सुटला की वाळत घातलेलं धोतर करडं होतं. पण राखच ती! राखेनं काय होतंय?" तास संपत आला होता. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. त्याला द्यायचे राहून गेलेले उत्तर आज तुम्हाला सांगतो.

चुलीतली राख लाकडाची. झाडाने जमिनीतून घेतलेले पालाश आणि चुना तिच्यात असतो, म्हणून ती शेताला चालते. दगडी कोळशाचे तसे नाही. आपल्याकडचा बहुतेक कोळसा कोट्यवधी वर्षांपूर्वी वाहून आलेल्या वनस्पतींचा, आणि त्यांच्याबरोबर गाळ-माती मिसळत गेली. ती कोळशात इतकी एकजीव झालेली असते की धुऊनही पुरती निघत नाही. शंभर किलो कोळसा जाळला की मागे तीस ते चाळीस किलो राख उरते. कोळशात आर्सेनिक, शिसे, क्रोमियम, बोरॉन असली द्रव्ये अगदी अल्प असतात. पण कोळसा जळून जातो आणि यांतली बरीचशी द्रव्ये राखेत मागे राहतात. उसाचा रस आटवला की गूळ जसा रसापेक्षा गोड, तसा हा प्रकार. फक्त इथे आटून दाट होते ते विष.

या राखेतला थोडा भाग भट्टीच्या तळाशी पडतो. बाकीची पिठासारखी राख धुराबरोबर वर जाते आणि चिमणीपाशी विजेच्या बळावर अडवली जाते. मग ती पाण्यात कालवून नळांनी दूरच्या तळ्यात सोडतात. राख खाली बसते, पाणी वर राहते. तळे भरत आले की बांध उंच करतात, आणि पुष्कळ ठिकाणी हा नवा भराव साचलेल्या राखेवरच उभा असतो. आता, भिजलेली राख ही काही माती नव्हे, बरं का. पाणी मुरले, की घट्ट दिसणारी राख एकाएकी पातळ होऊन वाहू लागते.

जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याच्या राखतळ्याचा बांध जोरदार पावसात फुटला आणि राखेचे पाणी शेतांत, नाल्यांत शिरले. मध्य प्रदेशात सिंगरौली भागात एप्रिल २०२० मध्ये असाच बांध फुटून माणसे वाहून गेली. हे गरीब देशांतच होते असे मात्र समजू नका. अमेरिकेत टेनेसी राज्यातील किंगस्टन येथे २२ डिसेंबर २००८ च्या मध्यरात्रीनंतर बांध कोसळला आणि ४० लाख घनमीटरांहून अधिक राख नदीत व सुमारे ३०० एकरांवर पसरली. त्या रात्री कोणी दगावले नाही. पण पुढे ती राख उपसणारे कामगार श्वासाच्या व इतर आजारांनी खंगू लागले. आम्हाला पुरेसे संरक्षण दिले नाही, अशी त्यांची तक्रार होती. खटला उभा राहिला, आणि २०१८ मध्ये ज्यूरीने ठेकेदार कंपनीने आपले कर्तव्य पाळले नाही असा निर्णय दिला. बांध फुटला त्याची बातमी एका दिवसात जगभर गेली. छातीत गेलेल्या धुळीचा न्याय व्हायला दहा वर्षे लागली.

बांध न फुटताही दोन गोष्टी चालूच असतात. उन्हाळ्यात तळ्याचा कोरडा भाग उडतो. त्यातले बारीक कण केसाच्या जाडीच्या कित्येक पटींनी लहान, नाकात न अडकता फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाणारे. तो त्रास निदान दिसतो तरी; धोतर करडे होते. न दिसणारी गोष्ट जमिनीखाली चालते. तळ्याच्या बुडाला पाणी न झिरपणारे अस्तर नसेल, तर राखेतून झिरपलेले पाणी हळूहळू विहिरींकडे सरकते. बोरॉन आणि सल्फेट पाण्याबरोबर झपाट्याने पुढे येतात. ते विहिरीत वाढू लागले की मागून काय येऊ शकेल ते ओळखावे. आर्सेनिकाला रंग नाही, चव नाही, वास नाही. असले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर कातडीवर डाग पडतात, तळहात-तळपाय खरखरीत होतात, आणि पुढे कर्करोगही होऊ शकतो. पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक आहे तिथेच राहते.

हीच राख सिमेंटमध्ये बांधली गेली की पुष्कळशी निरुपद्रवी होते. घाटघरच्या धरणाच्या काँक्रिटात ती भरपूर वापरली आहे. १९९९ पासून राखेच्या वापराचा सरकारी नियमही आहे. २०२१-२२ मध्ये देशात सुमारे २७ कोटी टन राख निघाली आणि तिच्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक वापरली गेली, असा सरकारी हिशेब आहे. पण सखल जमिनीत आणि खाणीच्या खड्ड्यात राख भरणे यालाही त्या हिशेबात 'वापर'च म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. शिवाय आधीच्या वर्षांची राख तळ्यांत पडून आहे ती आहेच.

तेव्हा तुमच्या गावाजवळ असे तळे असेल, तर गुरुजींनी आणि ग्रामपंचायतीने विहिरींच्या पाण्याचे नमुने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेकडे द्यावेत. नेहमीच्या तपासणीवर विसंबू नये. आर्सेनिक, शिसे, बोरॉन आणि सल्फेट पाहून हवे, असे अर्जात स्पष्ट लिहावे. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. अहवालातला आकडा याच्याशी ताडून पाहावा. एक नमुना पावसाळ्यापूर्वी आणि एक पावसाळ्यानंतर, तळ्याच्या जवळच्या विहिरीचा वेगळा आणि लांबच्या विहिरीचा वेगळा. आकडे शाळेच्या एका वहीत तारखेसह उतरवून ठेवावेत. दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की सातवीतला मुलगाही त्यांचा आलेख काढू शकेल, आणि ती वही घेऊन ग्रामसभेला जाता येईल.