कॅनव्हासच्या जीपमध्ये पावसाचं पाणी : आधी वाट शोधा, मग फट बुजवा



१ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी चालू आहे. होड्या वर ओढल्या, ट्रॉलर धक्क्याला बांधले, जाळी दुरुस्तीला काढली. पण घरची जीप काही बंद नसते. कुणाकडे जुनी महिंद्रा, कुणाकडे जिप्सी, कुणाकडे थार. सीझनला हीच गाडी जाळी, बर्फ, डिझेलचे कॅन आणि मासळीचे क्रेट वाहते. काही सभासदांनी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची नंबरप्लेट घेऊन ती पर्यटकांना भाड्याने द्यायला लावली आहे. बंदीत समुद्राची कमाई थांबते, हप्ता मात्र थांबत नाही.

आणि पाऊस लागला की तक्रार एकच: "टप लावलेला आहे, तरी पायाखाली पाणी!" मग बाजारातून सिलिकॉनची ट्यूब आणून दिसेल त्या फटीत भरली जाते. चार दिवसांनी पाणी परत हजर. असं का होतं आणि काय करावं, ते आज सविस्तर लिहीत आहोत.

पहिली गोष्ट. साध्या गाडीचं छप्पर म्हणजे एकसंध पत्रा. आपल्या गाडीचा टप काढता-घालता यावा म्हणून जोड ठेवलेले असतात. पुढच्या काचेच्या चौकटीवर एक, दोन्ही दारांच्या वर एकेक, बाजूच्या प्लास्टिकच्या खिडक्यांना चेन किंवा चिकटपट्टी, आणि मागे फाळका. या जोडांवर रबर दाबून बसलं तरच पाणी अडतं. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही वाऱ्याबरोबर आडवा. अशा पावसात जोडाशी थोडी ओल येणं या जातीच्या गाडीत चालायचंच. पायाखाली डबकं साचणं मात्र चालायचं नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकू. २०२० साली आलेल्या थारची पाण्यातून जायची क्षमता कंपनीने ६५० मिलिमीटर दिली आहे. तो आकडा गाडी बाहेरच्या किती खोल पाण्यातून जाऊ शकते त्याचा आहे. वरून पडणाऱ्या पावसाशी त्याचा संबंध नाही. "आमची गाडी ओहोळातून जाते, पावसाचं काय घेऊन बसलात" हे म्हणणं बरोबर नाही.

दुसरी गोष्ट तुम्हाला होडीवरून माहीत आहेच. पाणी तळात जिथे साचतं, भोक तिथेच असतं असं नाही. गाडीतही तसंच. काचेच्या वरच्या जोडातून शिरलेला थेंब चौकटीच्या आतून उतरतो आणि ड्रायव्हरच्या पायाशी बाहेर येतो. म्हणून पाणी दिसतं तिथे ट्यूब रिकामी करून उपयोग नाही. नेहमीच्या वाटा या:

बोनेट संपतं तिथे, काचेखाली, जाळीची पट्टी असते. आंबा-फणसाखाली गाडी ठेवली की तिच्यात पानं साचतात, पाण्याची बाहेरची वाट बंद होते आणि ते ब्लोअरच्या वाटेने आत उतरतं. जुन्या जीपची काच पुढे पाडता येते, तिच्या पायथ्याचं रबर झिजलं की तिथून थेट धार लागते.

दार. प्रत्येक गाडीच्या दारात काचेच्या कडेने पाणी शिरतंच, ती खराबी नव्हे. ते बाहेर जावं म्हणून दाराच्या खालच्या कडेला छोटी भोकं असतात. आपल्या गाड्यांत ती वाळू, खवले, माती यांनी बुजतात. मग पाणी दारातच उभं राहतं, दार आतून कुजतं, आणि आतल्या प्लास्टिकचा कागद सुटलेला असेल तर पाणी सीटकडे येतं. दार उघड-बंद करताना आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला तर समजा, भोकं बंद आहेत.

टपाची शिवण. सुईच्या भोकातून पाणी झिरपतं. सुती कॅनव्हास आतल्या पाइपला किंवा सामानाला टेकला की त्या जागी आत गळू लागतो.

एसी. फक्त एसी चालू असतानाच पाणी येत असेल तर तो पाऊस नव्हे, एसीची निचरा नळी तुंबली आहे. आणि पाणी चिकट, गोडसर वासाचं असेल तर ते रेडिएटरचं कूलंट. थेट गॅरेज गाठा.

वाट शोधायला दोन माणसं, एक पाण्याची नळी आणि रद्दी पेपर लागतो. कोरड्या दिवशी करा.

१. मॅट काढा, आतलं कोरडं करा, खाली पेपर पसरा.

२. एक जण टॉर्च घेऊन आत बसेल. बाहेरच्याने नळी साधी सोडायची, जोराची धार नको. प्रेशर पंपाची धार चांगल्या रबरातूनही पाणी घुसवते.

३. खालून वर जा. आधी दाराची खालची कड, मग काचेचा पायथा, मग दाराची वरची कड, शेवटी टपाचा जोड. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. आधी वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही.

४. पहिला थेंब दिसला की थांबा, खडूने खूण करा.

रबर दाबतं की नाही हे कागदाच्या पट्टीने बघा. पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. अडकली तर ठीक. अलगद सुटली तर त्या जागी रबर दाबत नाही.

दुरुस्तीचा क्रम पण महत्त्वाचा. आधी साफसफाई: भोकं बारीक तारेने मोकळी करा, रबराच्या खाचेतली वाळू काढा. मग टपाचे आकडे आणि दाराचे बिजागर बघा, कारण बरेचदा रबर चांगलं असतं, दार सैल असतं. रबर साबणाच्या पाण्याने पुसून त्यावर सिलिकॉनचं ग्रीस हलक्या हाताने लावा. डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस लावू नका. त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं. चिरलेलं रबर बदलायचं, जोडत बसायचं नाही. शिवणीला शिवणीचंच सीलर लावा. टप ओला असताना घडी घालू नका, बुरशी येते.

आता त्या ट्यूबबद्दल. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज आणतं. घाईत निचऱ्याची भोकं त्याने बुजली तर शिरलेलं पाणी आतच कोंडतं. पाणी आत येणं आणि पाणी बाहेर न जाणं, यातलं दुसरं जास्त वाईट.

ते का, हे आपल्या धंद्यामुळे नीट समजून घ्या. बर्फ वितळून मासळीचं खारट पाणी गालिच्यात मुरतं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे वरून सुकलेला दिसणारा गालिचा खालून महिनोन् महिने दमट राहतो. त्यात पावसाचं पाणी मिळालं की पत्रा खालून खाल्ला जातो आणि वर काहीच दिसत नाही. म्हणून बंदीत एकदा तरी गालिचा आणि त्याखालचा फोम पूर्ण उचला, गोड्या पाण्याने धुवा, उन्हाची तिरीप मिळेल तेव्हा वेगळे सुकवा. फरशीला निचऱ्याची बुचं असतील तर धुताना उघडा, पण रस्त्यावर जाण्याआधी आठवणीने परत लावा, नाहीतर रस्त्यावरचं पाणी तिथूनच वर येईल. मासळी नेताना क्रेटखाली कड असलेला ट्रे ठेवा.

सीटखाली पिवळ्या आवरणाच्या वायरी दिसल्या तर हात लावू नका. त्या सहसा एअरबॅग किंवा सीटबेल्टच्या असतात. त्या भिजल्या असतील तर मेकॅनिकच बघेल.

ताडपत्री गाडीला घट्ट आवळू नका. आत ओल कोंडते आणि वाऱ्याने घासून रंग जातो. होडीवर घालतो तशीच घाला: मध्ये बांबूचा आढा, दोन्ही बाजूंना उतार, पुढे-मागे हवेला वाट.

विम्याबद्दल थोडकं. हळूहळू झिरपून आलेला गंज ही झीज धरली जाते, विमा ती भरून देत नाही. गाडी पुरात बुडाली तर चावी फिरवू नका. फोटो काढा आणि कंपनीला कळवा. इंजिनात पाणी असताना स्टार्ट मारून झालेलं नुकसान इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर बहुतेक नाकारलं जातं.

काहींना वाटेल, चार थेंबांसाठी एवढा खटाटोप कशाला. कारण सीटचे बोल्ट आणि सीटबेल्टची खालची टोकं त्याच फरशीत बसवलेली असतात. पहाटे बाजाराला पाट्या घेऊन जाणाऱ्या आपल्या बाया, शाळेला जाणारी पोरं आणि भाड्याने गाडी नेणारा पर्यटक, सगळ्यांचा भार त्या पत्र्यावर असतो. गालिच्याखाली तो पत्रा कुजला असेल तर ते कळायला अपघाताची वाट बघायची नाही. म्हणून गालिचा उचलल्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फरशी ठोकून बघा. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला, पापुद्रे निघाले किंवा पत्रा दबला, तर वरून रंग मारू नका. वेल्डिंगवाल्याला दाखवा, आणि तोवर त्या सीटवर कुणाला बसवू नका.

नळीने तपासायला दुसरा माणूस मिळत नसेल त्यांनी संस्थेच्या ऑफिसात सांगावं. बंदीत हात मोकळे आहेत, एकमेकांच्या गाड्या बघून देऊ. चवथीच्या आत हे काम उरकूया.