शिरपूरचे कुलूप आणि आपला अनेकान्त

अकोल्याहून पातूर, मेडशी, मालेगाव करीत शिरपूरला जाणारा रस्ता आपल्यापैकी अनेकांच्या पायाखालचा आहे. हे क्षेत्र आज वाशीम जिल्ह्यात मोडते. 1998 पर्यंत ते अकोला जिल्ह्यातच होते आणि जुनी मंडळी अजूनही त्याला ‘आपल्या जिल्ह्यातले’च म्हणतात. अंतरिक्ष पार्श्वनाथांची ती श्यामवर्ण मूर्ती, ती भूमीला न टेकता अधांतरी असल्याची श्रद्धा, जिनप्रभसूरींनी चौदाव्या शतकात ‘विविधतीर्थकल्पा’त घेतलेली या तीर्थाची नोंद, हे सारे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. एक गोष्ट सांगताना मात्र आवाज खाली येतो. 1981 पासून 2023 पर्यंत, 42 वर्षे, या मंदिराला कुलूप होते. ते कुणा परकीयाने लावलेले नव्हते. आपसांतील भांडणाचे ते फळ होते. माझ्या आजीने आयुष्यातील शेवटची दर्शने लहानशा झरोक्याला डोळा लावून घेतली. घरी परतल्यावर ती त्याविषयी काही बोलत नसे.

वादाची हकीकत थोडक्यात अशी. 1905 साली श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही पक्षांनी पूजेच्या पाळ्या ठरवून एक वेळापत्रक केले. ते पुरते रुळण्याआधीच मूर्तीवरील लेप, कटिसूत्र आणि कछोटा यांवरून ठिणगी पडली व 1910 साली अकोल्याच्या न्यायालयात दावा दाखल झाला. तेथून प्रकरण नागपूरला आणि नागपुराहून थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. 1929 साली तेथे निकाल लागला: व्यवस्थापन श्वेतांबरांकडे, आणि दिगंबरांना 1905 च्या वेळापत्रकाप्रमाणे पूजेचा हक्क. तरीही भांडण मिटले नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मंदिर उघडण्याची वाट मोकळी झाली, मार्चमध्ये दार उघडले, आणि त्याच महिन्यात दोन्ही बाजूंच्या माणसांत हाणामारी झाल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या.

कोणाचा हक्क किती, हे ठरविण्याचा अधिकार या लेखाला नाही. माझा प्रश्न निराळा आहे. ज्या परंपरेने जगाला अनेकान्त दिला, तिचेच अनुयायी एकाच मूर्तीपुढे एकान्तवादी कसे झाले?

एकान्त म्हणजे वस्तूच्या एका अंगालाच संपूर्ण वस्तू मानणे. शास्त्रकारांनी यासाठी नय आणि दुर्नय असा भेद केला. एका बाजूने पाहिलेले सत्य हा नय. ‘एवढेच सत्य, बाकी सारे असत्य’ असे म्हटले की तोच नय दुर्नय होतो. व्यापाऱ्याला हे समजावून सांगण्याची खरे तर गरज नसावी. एकच रक्कम आपल्या वहीत नावे पडते आणि समोरच्याच्या वहीत जमा होते. दोन्ही वह्या खऱ्या असतात. आपली वही दाखवून समोरच्याची खोटी ठरविणारा मुनीम आपण दुसऱ्या दिवशी ठेवणार नाही.

पाठशाळेत आपण सर्वांनी हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट ऐकली. मला ती नेहमीच अपुरी वाटत आली आहे. त्या गोष्टीत संपूर्ण हत्ती पाहणारा एक डोळस मनुष्य शेजारी उभा असतो आणि शेवटी तो सर्वांना समजावतो. शिरपूरला तसा कोणी नव्हता. पूर्ण दृष्टी केवळज्ञानींची. आपण सारे छद्मस्थ. म्हणून ‘मला पाय दिसला, त्याला सोंड दिसली’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. ‘मी डोळस आहे’ हा भ्रम आधी सोडावा लागतो. त्यात मोठी कसोटी लागते, कारण प्रत्येक पक्ष स्वतःला त्या गोष्टीतील डोळस मनुष्यच समजत असतो.

राजनीतीतही हेच दिसते. इंग्लंडमधील यादवीच्या काळात थॉमस हॉब्स या विचारवंताने 1651 साली ‘लेव्हायथन’ या ग्रंथात असे मांडले, की सत्ता अविभाज्य असलीच पाहिजे. ती वाटली की राज्य मोडते. वऱ्हाडच्या माणसाला हे वाचून हसू यावे. 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, 1902 साली ते त्यांना कायमच्या पट्ट्याने मिळाले, तरी प्रदेशावरील स्वामित्व निजामाचेच मानले जाई. 1936 मध्ये निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताबही मिळाला. मालक हैदराबादचा, कारभारी इंग्रज. ती व्यवस्था न्याय्य होती असे मी म्हणत नाही. प्रजेला कोणी विचारलेच नव्हते. परंतु सत्तेची वाटणी अशक्य आहे हा सिद्धांत आपल्याच मातीत, कापसाच्या ऐन भरभराटीत, खोटा ठरत होता.

आता एक आक्षेप. पुष्कळ तरुण विचारतात, ‘सगळ्यांचेच खरे असेल तर खोटे काय उरले?’ हा प्रश्न टाळू नये. अनेकान्त म्हणजे ‘काहीही चालते’ नव्हे. समंतभद्रांनी तर अनेकान्तालाही अनेकान्ताचीच मर्यादा घातली आहे. आपल्या व्रतांकडे पाहा. साधूचे अहिंसा-महाव्रत निरपवाद आहे. श्रावकासाठी मात्र शास्त्राने हिंसेचे चार प्रकार केले: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. चूल पेटविताना, डाळमिल किंवा जिनिंग चालविताना, स्वसंरक्षण करताना घडणारी हिंसा श्रावकाने यथाशक्ती कमी करावयाची आहे. ती पूर्णपणे टाळता येत नाही हे शास्त्राला ठाऊक आहे. पण जाणूनबुजून, संकल्पपूर्वक केलेल्या हिंसेला तेथे सवलत नाही. म्हणजे एका ठिकाणी रेषा पक्की आणि बाकी ठिकाणी माणसाच्या पायरीप्रमाणे. निरंकुश नीतिवाद आणि सैल सोयवाद या दोहोंपेक्षा ही रचना वेगळी आहे, आणि माझ्या मते अधिक प्रौढ आहे.

ही कसोटी शिरपूरला लावली तर काय दिसते? लेप असावा की नसावा, चक्षू असावेत की नसावेत, हा नयांचा प्रश्न आहे आणि दोन्हीकडे शतकांची श्रद्धा आहे. साधर्मिकावर हात उगारणे हा नयाचा प्रश्न नाही. ती संकल्पी हिंसा आहे, मग उगारणारा कोणत्याही आम्नायाचा असो.

श्रीमद् राजचंद्रांचा गांधीजींवरील प्रभाव सर्वश्रुत आहे. 1926 साली ‘यंग इंडिया’त गांधीजींनी अनेकान्ताविषयी लिहिताना कबूल केले होते, की पूर्वी विरोधकांच्या अज्ञानाचा त्यांना राग येत असे; पुढे इतरांच्या दृष्टीने स्वतःकडे पाहता येऊ लागले, तेव्हा त्याच विरोधकांवर प्रेम करणे जमू लागले. आपल्या विश्वस्त मंडळींनी हे एकदा करून पाहावे. श्वेतांबर विश्वस्ताने दिगंबर श्रावकाला अलंकृत मूर्ती पाहून नेमके काय खुपते ते त्याच्याच शब्दांत मांडून दाखवावे. दिगंबर विश्वस्ताने श्वेतांबर भगिनीला आंगीशिवाय दर्शन अपुरे का वाटते ते सांगावे. समोरच्याने ‘होय, माझे म्हणणे हेच आहे’ असे म्हणेपर्यंत पुढचा विषय काढू नये. वकिलांच्या टाचणांत हे कधीच येत नाही, कारण तेथे प्रतिपक्षाचे म्हणणे खोडण्यासाठीच वाचले जाते.

या शंभर वर्षांत दोन्ही समाजांचा किती पैसा न्यायालयांत गेला, याचा हिशेब कोणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही. हिशेबाची एवढी आवड असलेल्या समाजात हे नवलच. मात्र 1905 चे ते वेळापत्रक दोन्ही पक्षांनी आपसांत बसून केले होते, आणि प्रिव्ही कौन्सिललाही दिगंबरांच्या पूजेपुरते तेच कायम ठेवावे लागले.