खिशातील संगीत आणि आपला कान

गुरुग्रामहून दिल्लीकडे येणारी मेट्रो गाडी कुतुबमिनार स्थानकापर्यंत उंच पुलावरून धावते आणि पुढे साकेत येण्यापूर्वी भुयारात शिरते. त्या वेळी डब्यातील प्रवाशांकडे लक्षपूर्वक पाहावे. गाडीचा खडखडाट भुयाराच्या भिंतींवर आदळून परतू लागतो, आणि कानांत इअरफोन घालून संगीत ऐकत बसलेल्यांपैकी कित्येकांचा अंगठा नकळत कळीवर जातो. आवाज एक-दोन पायऱ्यांनी वाढतो. राजीव चौकास उतरल्यावर तो पुन्हा कमी केला जातोच असे नाही. ही क्षुल्लक वाटणारी क्रिया का घडते व तिची किंमत काय, हे समजण्यासाठी प्रथम खिशातील त्या यंत्राची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

ध्वनीचे आकडे

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील जलद चढउतार. ग्रामोफोनच्या तबकडीवर हे चढउतार खाचेच्या वळणांत कोरलेले असत. अंकीय पद्धतीत त्यांची मोजमापे घेऊन केवळ आकडे साठविले जातात. मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपने असलेला नाद ऐकू येतो. एखादे कंपन आकड्यांत पकडावयाचे तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप घ्यावे लागते. म्हणून सीडीसाठी सेकंदास ४४,१०० मोजमापे घेण्याचे ठरले. प्रत्येक मोजमाप १६ बिटांचे, आणि डावी व उजवी अशा दोन बाजू. म्हणजे संगीताच्या एका सेकंदास १४,११,२०० बिट झाले.

हा पसारा खिशात मावणार कसा? १९९८ साली दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीने खिशात मावणारा पहिला एमपीथ्री प्लेअर बाजारात आणला. त्याची स्मृती ३२ मेगाबाइट होती. सीडीवरील आकडे जसेच्या तसे भरले असते, तर तीत अवघे तीन मिनिटांचे गायन मावले असते. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण तेवढाच वेळ वाजत असे. प्रत्यक्षात मात्र त्याच स्मृतीत अर्ध्या तासाहून अधिक संगीत मावू लागले.

जे ऐकू येत नाही ते वगळणे

या किमयेचे रहस्य यंत्रापेक्षा आपल्या कानातच अधिक आहे. चांदणी चौकात वरातीचा ढोल जवळून जात असता शेजाऱ्याची कुजबुज ऐकू येत नाही. कुजबुज थांबलेली नसते; ढोलाने ती झाकलेली असते. मोठा नाद आपल्याशी जवळची कंप्रता असलेल्या लहान नादास अशा रीतीने झाकून टाकतो. या घटनेस आपण ‘आच्छादन’ म्हणू.

जर्मनीतील एर्लांगेन येथे फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गुणधर्माचा उपयोग केला. त्यांच्या पद्धतीत संगीताचे ५७६ अरुंद कंप्रतापट्ट्यांत विभाजन होते. कोणत्या पट्टीतील नाद शेजारच्या मोठ्या नादाने झाकला जाणार, याचा हिशेब केला जातो. आणि जे कानापर्यंत पोहोचूनही ऐकू येणार नाही, ते थोडक्या आकड्यांत लिहिले जाते किंवा मुळीच लिहिले जात नाही. सेकंदास १४ लक्ष बिटांच्या जागी १,२८,००० बिट पुरतात, म्हणजे सुमारे अकरावा हिस्सा.

पद्धत पारखताना ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा या गायिकेने वाद्यांच्या साथीविना गायलेले ‘टॉम्स डायनर’ हे गीत वापरले. एकट्या कंठातील दोष झाकावयास दुसरा नाद नसतो. म्हणून ती परीक्षा कठीण होती. या पद्धतीचे प्रमाण १९९३ साली प्रसिद्ध झाले, आणि १९९५ साली तिच्या संचिकांना ‘एमपीथ्री’ हे नाव मिळाले.

पुढे स्मृती स्वस्त होत गेली. २००१ च्या ऑक्टोबरात ॲपल कंपनीचा आयपॉड एक हजार गाणी घेऊन आला. लजपतराय मार्केट, पालिका बाजार, नेहरू प्लेस येथे अशी यंत्रे घेणाऱ्या दिल्लीकरांची एक पिढीच होऊन गेली. मग बहुतेकांच्या खिशातील ती जागा मोबाइल फोनने घेतली, आणि २०२२ साली आयपॉडचे उत्पादन थांबले. तरीही स्वतंत्र प्लेअर बाळगणारे आज आहेत. त्यास भुयारात जाळ्याची गरज पडत नाही, आणि विलंबित ख्याल रंगात आला असता मध्येच कोणाचा फोन येत नाही.

आच्छादनाची उलट बाजू

आता मेट्रोतील त्या अंगठ्याकडे वळू. ज्या आच्छादनामुळे संगीत खिशात मावले, तेच भुयारात संगीतावर उलटते. येथे झाकणारा नाद गाडीचा, आणि झाकला जाणारा तानपुऱ्याचा. ऐकणाऱ्यास वाटते की संगीत मंद झाले. वस्तुतः ते पूर्वीइतकेच असते. गाडीच्या आवाजावर मात करण्यासाठी तो कळ दाबतो, आणि कानास दोन्ही आवाजांचा मारा सोसावा लागतो.

आंतरकर्णात शंखाप्रमाणे वळलेली एक नळी आहे. तीत प्रत्येक कानागणिक सुमारे १५ हजार केशपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे मज्जातंतूंच्या संदेशांत रूपांतर घडते ते यांच्याद्वारे. अतिश्रमाने त्या मरतात, आणि मनुष्यात त्या पुन्हा उगवत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून ही मुदत निम्मी होते: ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०. जाण्यायेण्यात मिळून रोज दोन तास ऐकणाऱ्या नोकरदाराचे आठवड्याच्या सहा दिवसांत १२ तास होतात. ८० डेसिबलला तो निर्धास्त असतो. तोच आवाज सहा डेसिबलने वाढविताच त्याने मर्यादा ओलांडलेली असते. कानास मात्र सहा डेसिबलची वाढ दुप्पट मोठीही वाटत नाही; धोका आहे तो येथेच.

उपाय साधे आहेत. आवाजाची पातळी घरी, शांत खोलीत ठरवावी आणि ती यंत्राच्या कमाल आवाजाच्या ६० टक्क्यांच्या आत असावी. गाडीत ती वाढवू नये. बाहेरचा गोंगाट अडविणारे, कानात नीट बसणारे इअरफोन प्रवासात वापरावे. रस्ता ओलांडताना मात्र ते काढून ठेवावे. ऐकणे संपल्यावर कानांत गुणगुण राहिली, तर तो इशारा समजावा. ती वारंवार होत असल्यास कानाच्या डॉक्टरांस दाखवावे. आणि साकेतपुढील भुयारात संगीत ऐकू येईनासे झाले, तर ते थांबवून ठेवावे. प्लेअर ती जागा लक्षात ठेवतो. उतरल्यावर ख्याल तेथूनच पुढे सुरू होईल.