न रुजलेले बी मेलेलेच असते का?

मालवणच्या किनाऱ्यावर वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल आणि अंगणातली गणेशवेल एकाच कुळातल्या. यांचे बी रुजले नाही की ते मेले असे समजून टाकले जाते. खरे तर ते बहुधा सुप्तावस्थेत (जिवंत, पण वाढ थांबलेल्या स्थितीत) असते. उसळीतला गणंग रात्रभर भिजूनही टणक राहतो, तसे या बीचे कठीण टरफल पाणी आत घेत नाही. या टरफलामुळेच मर्यादवेलीचे बी समुद्रात तरंगत दूरच्या किनाऱ्यावर पोचूनही रुजण्याजोगे राहते. नुसते भिजवणे पुरेसे नाही का? काही बियांना पुरते. पण टरफल अखंड असेल तर पाणी शिरणार कुठून? म्हणून डोळ्याच्या (बी फळाला जिथे जोडलेले होते त्या खुणेच्या) विरुद्ध बाजूने बी कानशीवर हलके घासावे, मग रात्रभर भिजवावे. फुगलेले पेरा, न फुगलेले फेकू नका, पुन्हा घासा.